काखेत कळसा

अलिबागच्या मासळी बाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या त्या कोळणीकडे डॉक्टरीणबाई सहसा जात नसत. तिची मासळी ताजी असायची, भावावरून ती हुज्जतही फार घालत नसे. पण सुरमई कापायला बसली की ती डावा हात मांडीवर नुसता टाकून ठेवायची, आणि तो हात बाईंना बघवत नसे. दंडापासून मनगटापर्यंत एकसारखा सुजलेला, उजव्याच्या दीडपट. मनगटाचं हाड हाताला लागत नव्हतं आणि बोटांची पेरं टम्म झाली होती. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहायच्या आणि पुढे जन्मभर डाव्याच हातात भरायच्या, अशी जुन्या कोळणींची रीत सांगतात. ती पाळणाऱ्यांपैकी ही एक. आता डावाच हात असा झाल्यावर बांगड्या भरणार कुठे? कासाराने दोनदा साबणाचं पाणी लावून प्रयत्न केला. शेवटी नवरा धडधाकट असताना तिला बांगड्या वाढवाव्या लागल्या.

तो हात बाईंच्या हातून तसा झाला होता.

गोष्ट १९९९ सालची. बाई सर्जरीत एम.एस. होऊन मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला होत्या. ही तिथे आली तेव्हा पस्तिशीही उलटलेली नव्हती. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. काख चाचपली तर तिथे काहीच लागत नव्हतं. बाईंनी स्तन काढला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे काखही साफ केली, म्हणजे काखेतली चरबी तिच्यातल्या सगळ्या लसिकाग्रंथींसकट खरवडून काढली. शिरांना धक्का लागला नाही, रक्तही फारसं गेलं नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. आठ दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद आला: तपासलेल्या ग्रंथी १७, रोग असलेल्या ०. नवऱ्याने वॉर्डात पेढे वाटले. दीड-दोन वर्षांनी हात सुजायला लागला आणि तो पुन्हा उतरला नाही.

शास्त्राप्रमाणे यात कुठेच काही चुकलं नव्हतं. बाईंना नेमकं तेच खुपत राहिलं. त्या म्हणतात, "चूक झाली असती तर माफी मागता आली असती."

काख का साफ करायची, याला शंभर वर्षांची परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काख असं सगळं एकसंध काढायची शस्त्रक्रिया रूढ केली. कर्करोग झाडाच्या मुळासारखा टप्प्याटप्प्याने पसरतो, तेव्हा मुळासकट उपटा, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेतच बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात वेगळं दिसलं. हाताला निर्दोष लागणारी काख आधीच साफ केली म्हणून बाई जास्त जगते, असं आढळलं नाही. पण काखेतल्या ग्रंथी एक बातमी मात्र देत होत्या. त्यांच्यात रोग आहे की नाही आणि असला तर किती ग्रंथींत, यावर आजाराची पायरी ठरते: एक ते तीन, चार ते नऊ, दहा आणि त्यापुढे. पायरीवरून केमो द्यायची का, किती द्यायची, किरणांचे शेक कुठे द्यायचे हे ठरतं. थोडक्यात, त्या कोळणीच्या सतरा ग्रंथी काढल्या त्या मुख्यतः एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. उत्तर 'नाही' असं आलं आणि त्याची किंमत हाताने भरली.

ही किंमत किती जणींना पडते? २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: पूर्ण काख साफ केलेल्या पाचांतल्या जवळपास एकीचा हात सुजतो. फक्त पहिली ग्रंथी काढली (ती कोणती, ते पुढे येतंच) तर हे प्रमाण शंभरात पाच-सहा. सुजला नाही तरी दंडाची आतली बाजू बधिर राहते, खांदा आखडतो, विळीवर बोट कापलं तरी हात लालभडक होऊन ताप भरतो. रायगडच्या किनाऱ्यावर बायकांचं सगळं काम हातावरच चालतं. बोंबील वलांडीवर टाकायचे म्हणजे हात डोक्याच्या वर, आवणीत रोपांच्या जुड्या फेकायच्या म्हणजे खांद्यापासून झटका, आणि मासळीची पाटी डोक्यावर चढवायची तर दोन्ही हात लागतात. मुंबईच्या कार्यालयात बसणाऱ्या बाईच्या हाताला सूज आली तर ते दुखणं असतं. इथे त्याच सुजेने धंदा बसतो.

'पहिली ग्रंथी' या कल्पनेचा उगम स्तनाच्या आजारात नाही. पराग्वेत जन्मलेले सर्जन रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये पुरुषांच्या लिंगाच्या कर्करोगाबद्दल ती मांडली. अवयवातून निघालेला लसिकेचा ओघ आधी एका ठरावीक ग्रंथीत येतो, मग पुढच्यांत. ही पहिली ग्रंथी निर्दोष असेल तर मागच्याही बहुधा निर्दोषच. तिला त्यांनी पहारेकरी म्हटलं. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलानोमासाठी निळा रंग टोचून ती शोधून दाखवली. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य आणि हातात धरायचा गणक वापरून ती स्तनाच्या कर्करोगात शोधली, आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात आर्मांडो जुलियानो यांनी निळ्या रंगाने. जुलियानो यांच्या पहिल्या १७४ शस्त्रक्रियांपैकी ११४ मध्येच ती सापडली होती, म्हणजे साठ वेळा सापडलीच नाही. ज्यांनी रीत घालून दिली त्यांचे हे आकडे बाईंनी एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. पुढे या आकड्यांचा बाईंना मोठा आधार झाला.

आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत गोळा येतो, त्याला जुनी माणसं अवधाण म्हणतात. हाताला पिकलं तर तेच काखेत येतं. पायातला काटा जांघेत बोलतो, हे आजीला ठाऊक होतं. काबान्यास यांनी त्याच वाटेने जाऊन विचारलं, आधी बोलतं कोण? अवधाण आणि अवधान हे शब्द कानाला इतके जवळ आहेत की बाई विद्यार्थ्यांना शिकवताना इंग्रजी नाव सांगतच नाहीत. म्हणतात, अवधान ठेवणारी ग्रंथी शोधा.

२००० नंतर बाई मुंबई सोडून गावी आल्या. अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या एका छोट्या रुग्णालयात काम सुरू केलं. पुस्तकात ही तपासणी करायला दोन गोष्टी सांगितलेल्या असतात, टेक्नेशियम म्हणजे ते किरणोत्सारी द्रव्य आणि गॅमा प्रोब म्हणजे तो हातात धरायचा गणक. प्रोबची किंमत लाखांच्या घरात. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं. ते वापरायला परवाना, साठवायला शिशाची भिंत आणि हाताळायला शिकलेला माणूस लागतो. "मुंबईहून सकाळी निघालं तर निम्मं वडखळच्या कोंडीतच विरून जायचं," बाई म्हणतात. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद असायच्या, तेव्हा समुद्राचा रस्ताही नसायचा. उरली मिथिलीन ब्ल्यूची कुपी. तिची किंमत दोन माणसांच्या चहा-नाश्त्याएवढी.

निळ्या रंगाने बाईंचीही आधी फजितीच केली. पहिल्याच खेपेला रंग कातडीत फार वर टोचला गेला. आठवड्याने तिथली चामडी रुपयाएवढी काळी पडून सुटली आणि भरायला दीड महिना लागला. दुसऱ्या एका वेळी रंग दिल्यावर दोन-चार मिनिटांत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा ९९ वरून ९१ वर आला. भूलतज्ज्ञ ओरडले, हवा तपासा, नळी तपासा. सगळं ठीक होतं. रक्तात उतरलेला निळा रंग यंत्राला चकवत होता, प्राणवायू कमी झालाच नव्हता. तिसऱ्या वेळी रात्री अकरा वाजता पेशंटची सासू धावत आली, सुनेला हिरवी लघवी झाली म्हणून. तेव्हापासून बाई आदल्या दिवशी घरच्यांना बसवून सांगतात: लघवी हिरवी-निळी होईल, घाबरू नका. त्यावर एका आजीने विचारलं होतं, "म्हणजे कपड्याला घालतो ती नीळ का गं?" बाई म्हणाल्या, तिची लांबची बहीण.

हात बसल्यावर मात्र हे काम बघण्यासारखं असतं. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेखाली रंग टोचायचा आणि पाच मिनिटं तळहाताने हलकं चोळत राहायचं, बाळाला तेल लावतात तसं. मग काखेच्या केसांच्या रेषेखाली दोन बोटांएवढा छेद. आत पिवळी चरबी, ओल्या सायीसारखी. ती कापायची नाही, चिमट्याच्या टोकांनी फाकवायची. घाईत निळी वाहिनी तुटली तर रंग सगळीकडे पसरतो आणि मग सगळंच निळं. थिएटरातलं बोलणं इथे आपोआप थांबतं. चरबीच्या पदरात कुठेतरी एक निळा धागा दिसतो, केसाहून थोडासा जाड. तो पकडून काखेकडे जायचं, दोन सेंटिमीटर, कधी चार. शेवटी वालाच्या दाण्याएवढी ग्रंथी लागते, एका टोकाला गडद निळी आणि दुसऱ्या टोकाला अजून पांढरट, अर्धवट पिकलेल्या जांभळासारखी. ती काढून छोट्या बरणीत फॉर्मालिनमध्ये टाकतात, आणि सिस्टर बरणीवर ठळक अक्षरात लिहिते: निळी, पहिली.

पेशंटला समजवायची भाषा बाईंना किनाऱ्याने दिली. सुरुवातीला त्या खांदेरीचं उदाहरण द्यायच्या. मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली ती याचसाठी, की बंदरात येणारं-जाणारं आधी तिथून दिसावं. शिकलेल्या नातेवाइकांना ते आवडायचं, बायकांचे चेहरे कोरेच राहायचे. मग रेवदंड्याकडच्या एका बाईंपुढे त्यांनी डोल काढली. खुंटाला बांधलेली डोल ओहोटी-भरतीच्या पाण्याला तोंड करून उभी असते. पाण्याबरोबर येईल ते आधी पहिल्या डोलीत शिरणार. पहिली डोल उपसून पाहिली आणि तिच्यात घाण नसली, तर मागच्या डोली कशाला फाडायच्या?

ती बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "न जाल्याला भोक असला तं? म्हावरा मागं निघून जायाचा नं."

शस्त्रक्रियाशास्त्राच्या परिषदांत ज्यावर तासन्‌तास वाद चालतात तो हाच प्रश्न. पहिली ग्रंथी निर्दोष निघाली पण मागच्यांत रोग होता, असं किती वेळा होतं? अमेरिकेतल्या ५६११ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे जगण्यावरचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, काखेत रोग असलेल्या शंभरांतल्या जवळपास दहा जणींचा रोग असा निसटला होता. तरीही ग्रंथी निर्दोष निघालेल्या बायकांच्या जगण्यात फरक पडला नाही, कारण पुढची औषधं आणि शेक उरलेलं काम करतात. बाईंनी तिला सरळ सांगितलं: जाळ्याला भोक आहे, दहात एक. ती म्हणाली, "दहात एक चालंल. मना हात पायजे."

जाळं जरा मोठं घेण्याचा मार्ग परळहून आला. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या रुग्णालयांचा विचार करून काखेच्या फक्त खालच्या भागातली चरबी ग्रंथींसकट काढायची पद्धत पारखली. तिला यंत्र लागत नाही, किरणोत्सारी द्रव्य लागत नाही, रंगावाचूनही भागतं. हद्द ठरलेली असते: छातीच्या भिंतीतून निघून काख ओलांडत दंडाच्या आतल्या कातडीकडे जाणारी एक पांढरी, जाड दोऱ्यासारखी नर्व्ह. तिच्या खालचं काढायचं, वरच्याला हात लावायचा नाही. २००४ ते २०११ या काळात ४७८ स्त्रियांवर त्यांनी दोन्ही पद्धती एकाच वेळी ताडून पाहिल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. रंग आणि किरणोत्सारी द्रव्य वापरून पहिली ग्रंथी शोधताना चुकण्याचं प्रमाण १२.७ टक्के, खालची काख काढताना १०.५ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही सारखेच.

त्याच निबंधातली आणखी एक ओळ बाईंनी लाल पेनाने अधोरेखित केली आहे. नुसत्या निळ्या किंवा यंत्राने दाखवलेल्या ग्रंथी घेतल्या आणि शेजारी बोटाला लागणाऱ्या घेतल्या नाहीत, तर चूक सुमारे २९ टक्क्यांवर जाते. रोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत रंग शिरतच नाही, तो वळसा घालून पुढच्या निर्दोष ग्रंथीत जातो. रंगावर विसंबलेला सर्जन मग निळी ग्रंथी काढून समाधानाने काख शिवतो, आणि खरी ग्रंथी बोटभर अंतरावर तशीच राहते. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली बाईंनी दुसरीकडे पाहिली नाही. म्हणून आता त्या आधी निळी ग्रंथी काढतात, मग मोजा घातलेलं बोट आत घालून डोळे मिटून चाचपतात, आणि त्या नर्व्हपर्यंतची खालची चरबी काढून थांबतात. बहुतेक वेळा बरणीत पाच-सात ग्रंथी जमतात. सतरा नाहीत.

मोठ्या शहरात ग्रंथी काढल्याबरोबर शेजारच्या खोलीत गोठवून कापतात आणि पेशंट टेबलावर असतानाच अर्ध्या तासात निकाल येतो. इथे ती सोय नाही. बरणी मुंबईला जाते, कागद आठ-दहा दिवसांनी येतो. एखाद्या ग्रंथीत रोग निघाला तर काख पुन्हा उघडायची का? दुसऱ्या शस्त्रक्रियेला बाई परत येईलच याचा भरवसा नसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८९१ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासाने हा पेच बराच सैल केला. गाठ लहान, स्तन राखलेला आणि पुढे शेक घेणार असेल तर एक-दोन ग्रंथींत रोग असूनही उरलेली काख साफ न करता बायका तितक्याच जगल्या. मात्र 'शेक घेणार असेल' हे कागदावर लिहायला जितकं सोपं तितकं इथे नाही. तीन ते पाच आठवडे रोज जायचं. खारघरचं टाटाचं केंद्र तसं रायगड जिल्ह्यातच, पण मुरूडहून रोज ये-जा कोण करणार? ज्यांचे कोणी पनवेल-बेलापूरकडे राहतात त्यांचं जमतं, बाकीच्या खोली शोधतात. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, खोलीचं भाडं बसत नाही.

शिवाय तारखेचं गणित. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून कोळीवाड्यातल्या बायका जूनमध्ये यायला तयार असतात. नेमक्या त्याच वेळी आगरी बायकांची आवणी असते, त्या म्हणतात गणपतीनंतर बघू. बाई यावर चक्क भांडतात. एकीच्या शेतावर त्यांनी मजूर लावून द्यायची तयारी दाखवली होती. तिने मजूर घेतले नाहीत, पण पंधरवड्यात आली.

आणि हेही खरं, की ही सगळी नजाकत निम्म्या पेशंटांच्या उपयोगाची नाही. ज्यांच्या काखेत गाठी आधीच लागतात त्यांच्याबाबत पहारेकऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना बहुधा आधी केमो, मग शस्त्रक्रिया. लवकर आलेलीलाच हात वाचवायची संधी. लवकर आणायला मॅमोग्राफीचं यंत्रच हवं असंही नाही. मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर वीस वर्षं चाललेल्या टाटाच्या अभ्यासात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: आजार आधीच्या पायरीवर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. बाई दर महिन्याला दोन गावांत आशाताईंचे वर्ग घेतात. तिथे सिलिकॉनचा महागडा नमुना नाही. भिजवलेली कणीक पातळ पिशवीत भरतात आणि तिच्यात चिंचोका लपवतात.

आता युरोपातून वेगळाच वारा आहे. इटलीतून निघालेल्या आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत निर्दोष काख असलेल्या स्त्रियांच्या काखेला अजिबात हात लावला नाही, तरी पाच वर्षांनी फरक दिसला नाही. २०२४ च्या डिसेंबरात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या अभ्यासानेही त्याच दिशेला बोट दाखवलं. पहारेकऱ्यालाही घरी पाठवा, असं म्हणायची वेळ येऊ घातली आहे. बाई एवढ्यात तयार नाहीत. तिथली काखेची सोनोग्राफी करणारा दिवसभर तेच करतो, इथला सकाळी मूतखडे आणि दुपारी गर्भारशी बघतो. "त्याच्या 'निर्दोष'वर मी माझी बाई सोडायला अजून धजत नाही," असं म्हणून त्या लगेच पुढे जोडतात, "सतरा काढायला सांगणारेही असंच बोलायचे."

रेवदंड्याची ती बाई टाके काढायला आली तेव्हा कागद आला होता: ग्रंथी सहा, रोग असलेल्या शून्य. व्यायाम शिकवताना बाईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं, बोटं चालवत हात वर न्यायला लावला आणि जिथे थांबला तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. दुसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा रेघ खांद्याएवढ्यावर होती आणि हात तिच्यापुढे वीतभर गेला. तिसऱ्या खेपेला आलीच नाही. निरोप आला, पाटी घेऊन बाजारात बसते, वेळ नाही.

कोपऱ्यावरच्या कोळणीकडे डॉक्टरीणबाई एके दिवशी शेवटी गेल्या. तिने ओळखलं. पापलेटं निवडून देताना विचारपूस केली, पोरं किती, मुंबई कधी सोडली. बाईंनी हाताला घालायच्या घट्ट बाहीबद्दल विचारलं. आणली होती म्हणाली, मुंबईहून, मापाची. पण मासळीच्या पाण्यात ती भिजते, वास मारते, वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून रात्रीच घालते. बोलता बोलता तिने पदराखालून तो हात काढला. मनगटाच्या बराच वर, जिथपर्यंत चढल्या तिथपर्यंत, हिरव्या काचेच्या तीन बांगड्या होत्या.

"कासाराला सांगतलं, दोन-बाराच्या आन," ती म्हणाली. "उजव्याला दोन-सहाच्या व्हतात. त्यो म्हनला, येवढं मोठं माप अलिबागला कोनी मागत नाय." पापलेटाचे पैसे तिने घेतले, दहा रुपये सुटे नव्हते म्हणून वर मूठभर कोळंबी टाकली.